डिझेलला हातभार

महादेव किसन कदम, राहणार युसूफ वडगाव, धंदा मंडपाचा, यांच्यावर अन्याय झाला आहे. कधी झाला तेही सांगतो. गेल्याच्या गेल्या वर्षी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, भरदुपारी, पोस्टमन दारात पाकीट देऊन गेला तेव्हा.

पाय त्याच्या आधीच गेला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे निवृत्तीबप्पा आणि त्यांची बायको गयाबाई यांना डोळे दाखवायला महादेव आपल्या गाडीतून अंबाजोगाईला नेत होता. रस्त्यात एक बैल उधळून आडवा आला. शिंगं रंगवलेली, गळ्यात कालची माळ तशीच. महादेवनं बैल वाचवला आणि गाडी बाभळीवर गेली. बप्पा आणि गयाबाई खरचटण्यावर निभावले. महादेवचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. याला आम्ही अपघात म्हणतो. बैलावर आमचा राग नाही.

पाकिटातला कागद मात्र अपघातानं आलेला नव्हता. कोणीतरी पंख्याखाली बसून, शुद्धीवर राहून, तो लिहिला होता. गाडी खाजगी आहे, पण अपघाताच्या वेळी ती भाडं घेऊन माणसं वाहत होती, असं त्यात म्हटलं होतं. सबब गाडीची भरपाई नाही आणि मालकाच्या अपंगत्वाचीही नाही. विमा भरलेला होता, मुदतीत होता, फुल होता. तरी नाही. बांबूवर चढून ज्याचं पोट चालतं त्याचा पाय गेला आणि वर त्यालाच लबाड ठरवलं.

यावर मी पत्रक लिहिलं. ते घेऊन, महादेवचा विमा जिनं काढला होता त्या शोभाकाकूकडं गेलो. तिनं चष्मा वरखाली करत ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पण ह्याच्यात कंपनीच हाय समदी. महादेव कुठंय?"

मी म्हणालो, "काकू, राग येतो हो."

"येऊ दे की. पण रागावलेल्या माणसाला हापिसात खुर्ची देत न्हाईत बे. आन उभ्या माणसाचं कुणी ऐकत न्हाई."

हे लिखाण त्या पत्रकाच्या जागी आहे. यात महादेव आहे. काकू जास्त आहे. हे तिला चाललं नसतं, पण आता विचारायची सोय नाही.

युसूफ वडगावच्या बाजारात भाजीची रांग संपून चपलांची सुरू होते तिथं काकूची छत्री असायची. बाजाराच्या दिवशी सकाळी तिचे मालक, रंगनाथकाका, छत्री रोवून देत आणि संध्याकाळी उपटून नेत. मधल्या वेळात त्यांचा विम्याशी काही संबंध नसे. छत्रीखाली एक लोखंडी टेबल, टेबलावर बॅटरीवर चालणारा छोटा प्रिंटर, त्याला ऊन लागू नये म्हणून वर ओला रुमाल. कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर अडकित्ता. गिऱ्हाईक नसलं की अडकित्ता उचलून सुपारी कातरायची आणि मग कागद उडायचे. ते गोळा करायला समोरचा चपलावाला धावायचा. हे दर बाजारी व्हायचं. दुसरं वजन ठेवावं असं तिला कधी वाटलं नाही.

कोणाचा विमा कधी संपतो हे ती सणांवरून सांगायची. जीपवाला समोरून निघाला की बसल्या जागेवरून हाक जायची: "ए, तुझा नागपंचमीला सरतोय बे. झोके बांधायच्या आदी ये." आमच्याकडं 'बे' हा बापयांनी बापयांना घालायचा शब्द. काकू तो सगळ्यांना घालायची. ड्रायव्हरला, तलाठ्याला, एकदा तर कंपनीच्या बीडच्या शाखेतल्या मोठ्या साहेबालासुद्धा. शाखेत सगळे थिजले. साहेब मात्र हसत सुटला. तो गेवराईकडचा निघाला आणि नोकरीला लागल्यापासून त्याला कोणी 'बे' म्हटलेलं नव्हतं.

नुसता थर्ड पार्टी विमा काढायला आलेल्याला ती आधी खाली बसवायची. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर; आपलं झालं तर काही नाही. तो स्वस्त असतो आणि रस्त्यावर दाखवायला पुरतो.

"पोलिसासाठी काढतो का सोतासाठी?"

"काकू, धंदा न्हाई सध्या."

"पोलीस येनारे का दवाखान्यात तुझ्या उशाला बसायला?"

अशानं अर्धी माणसं फुल विमा काढायची आणि अर्धी पुढच्या बाजारी दुसऱ्या वाटेनं जायची. दुसऱ्या वाटेनं जाणाऱ्यांनाही ती ओळखून असायची.

विमा म्हणजे काय, हे तिनं ज्या शब्दात लोकांना सांगितलं तो शब्द कंपनीच्या कुठल्याच कागदावर नाही. सावड. आज तुझ्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या. कोणी कोणाला मजुरी देत नाही, पण कोणाचं काम अडत नाही. "हे तेच हाय," ती म्हणायची. "फकस्त सावडीतली मान्सं आपल्याला दिसत न्हाईत. ती माझ्या जबानीवर धरा." लोकांनी धरली. आमच्या भागात कंपनीचं नाव विचारलं तर कोणाला सांगता येणार नाही. शोभाकाकूचा विमा, एवढंच माहीत.

म्हणून एखाद्याचा क्लेम अडकला की तो कंपनीचा प्रश्न राहायचा नाही. तिची जबान अडकलेली असायची. पैसे मिळेपर्यंत त्या घरी ती चहा घ्यायची नाही. जायची, उंबऱ्याच्या आत बसायची, लेकराबाळांची चौकशी करायची, कप समोर आला की हातानं बाजूला सारायची. "पास झाल्यावर घीन." एका घरात अशी ती दोन उन्हाळे बिनचहाची गेली. शेवटी क्लेम पास झाला तेव्हा त्या बाईनं पातेलंभर चहा केला आणि काकू पीत बसली, कपावर कप, बाई नको म्हणेपर्यंत.

कंपनीच्या फोनवर ती कशी बोलायची हे ऐकण्यासारखं असे. फोनवर यंत्रातली बाई म्हणायची, मराठीसाठी अमुक दाबा. काकू म्हणायची, "दाबलं, बाई." यंत्रातली बाई म्हणायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. काकू म्हणायची, "आमच्यासाठी बी हाय." मग गाणं लागायचं. तेवढ्यात तिची सुपारी कातरून व्हायची. मी तिथं असलो की माझं डोकं तापायचं आणि मी म्हणायचो की हे मुद्दाम करतात, माणूस कंटाळून फोन ठेवावा म्हणून.

"मंग आपुन ठेवायचा न्हाई," ती म्हणायची. एवढं सोपं.

एकदा शेजारच्या गावात एकाची जीप कठड्यावर आदळून दारात आणून उभी केलेली. माणसं वाचली होती. घरातल्या बायांनी रिवाजाप्रमाणं गाडी धुवायला काढली. अपघाताची गाडी तशी दारात ठेवत नाहीत. गोमूत्र शिंपडायचं, पाणी मारायचं, लिंबू उतरून टाकायचा. पण सर्व्हेअर यायच्या आत गाडी धुतली, ठोकून सरळ केली, की कंपनी म्हणणार, नुकसान कुठंय? काकू कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून पोचली तेव्हा बादल्या भरलेल्या होत्या. ती गाडीच्या पुढ्यात पदर खोचून उभी राहिली.

घरातली म्हातारी चिडली. "शोभे, दारात असं काळं ठेवू का? आत बाळंतीण हाय."

काकूला म्हातारीचं पटत होतं, हीच गंमत. नवी गाडी पाहिली की ती स्वतः काजळाचं बोट लावणारी. थोडा विचार करून तिनं तोड काढली. लिंबू उतरायचा, पण गाडीला न शिवता, लांबूनच. गोमूत्र गाडीभोवती जमिनीवर शिंपडायचं. पाणी नाही. म्हातारी लिंबू घेऊन त्या जीपला लांबून फेऱ्या घालत होती आणि काकू मागं मागं, "वैनी, टायरला लागंल, टायरला लागंल." सर्व्हेअर आला तेव्हा गाडी जशीच्या तशी होती आणि भोवती ओलं रिंगण. त्यानं विचारलं हे काय. काकू म्हणाली, "आमची पॉलिसी."

आता महादेवचं.

अपघातानंतर कंपनीनं चौकशीला माणूस पाठवला. पांढरा शर्ट, नरम आवाज. तो बप्पांच्या ओट्यावर बसला, चहा प्याला, बप्पांच्या डोळ्यांची विचारपूस केली. पुढचं गयाबाईनं सांगितलं, तसंच देतो.

त्यानं विचारलं, "बप्पा, महादेव तुमचा कोण?"

"शेजारी."

"नात्यात नाही?"

"न्हाई."

"म्हणजे तुम्ही त्याच्या गाडीत फुकटच बसलात म्हणा."

बप्पांनी कप खाली ठेवला. आयुष्यात कोणाच्या बैलगाडीतसुद्धा बप्पा रिकाम्या हातानं बसलेले नाहीत. वैरणीची पेंढी तरी टाकणार. "फुकट बसायची रीत न्हाई आमची," ते म्हणाले. "डिझेलला दिलते. आदी दिलते, मंग बसलो."

"माणसानं असंच असावं," पांढरा शर्ट म्हणाला, आणि लिहून घेतलं. बप्पांनी झोकात सही केली. महादेव पैसे घेत नव्हता, बप्पांनी नोट गाडीच्या कप्प्यात कोंबली आणि त्यावरून गाडी सुरू व्हायच्या आधी दोघांची झोंबाझोंबी झाली, हेही बप्पांनी सांगितलं होतं. ते लिहिलं गेलं नाही.

आमच्याकडं रोज कोणी ना कोणी कोणाच्या गाडीतून दवाखान्याला, कोर्टाला, सोयऱ्याच्या मातीला जातं. प्रत्येक जण डिझेलला हातभार लावतो. तो न लावणाऱ्याचं नाव निघतं. ज्या गोष्टीनं माणूस आमच्यात माणूस ठरतो, तीच गोष्ट वापरून कंपनीनं महादेवला भाड्याचा गाडीवाला केला. आणि ती वदवून घेतली कोणाकडून, तर ज्याच्यासाठी त्यानं गाडी काढली त्याच्याकडून. चहा पिऊन.

पत्र आलं आणि बप्पांनी बाहेर पडणं सोडलं. महादेवचं आणि त्यांचं दार समोरासमोर. सकाळी कुबड्यांचा आवाज आला की बप्पा भिंतीकडं तोंड करून बसायचे. काकू त्यांच्याकडं गेली तेव्हा गल्लीला वाटलं, आता म्हाताऱ्याची खैर नाही.

"बप्पा, तुमी खोटं बोलला का?"

"न्हाई."

"मंग तोंड कावून फिरवलं?"

"माझ्या जिभेनं त्याचा पाय दुसऱ्यांदा तोडला, शोभा."

काकू त्यांच्या शेजारी तशीच भिंतीकडं तोंड करून बसली. गयाबाई म्हणते, दोघं बराच वेळ भिंतीकडं बघत होते, जसा काही तिथं टीव्ही आहे.

गावातले एक पुढारी मदतीला महादेवच्या घरी आले आणि बप्पांनाही तिथं बोलावून घेतलं. मनापासून आले होते, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. त्यांनी उपाय सांगितला: बप्पांनी नवं लिहून द्यायचं की मी म्हातारा माणूस, त्या दिवशी डोक्याला मार लागलता, भलतंच बोललो, पैसे दिलेच न्हाईत, फुकटच बसलतो. बप्पा लगेच तयार झाले. "महादेवसाठी म्हणतो मी. फुकट्या तर फुकट्या." सगळ्यांनी सुस्कारा टाकला. आम्ही लावलेल्या वकिलानंही मान डोलावली.

"न्हाई," काकू म्हणाली.

महादेवची बायको रेखा तिथंच होती. ती काकूवर तुटून पडली. "काकू, तुमचं इमान तुमच्याजवळ ठिवा. माझा मानूस घरात बसलाय. नवा पाय बसवायचा हाय त्याला. बप्पा सोता तयार हायत, तुमचं काय जातंय?"

"माझं काय जात न्हाई रेखा. कंपनीजवळ बप्पाची सही हाय. आज ह्यो न्हाई म्हनला तर ते म्हनतेल, म्हातारा तवा खोटा का आता खोटा? मंग ह्याच्या कुठल्याच बोलन्याला किंमत राहात न्हाई. बैल आडवा आलता ह्याला बी." काकू रेखाच्या जवळ सरकली. "बप्पानं खरं सांगितलं. त्यांनी खऱ्याचा अर्थ वाकडा लावला. आपुन अर्थाशी भांडायचं. खऱ्याला हात लावायचा न्हाई."

रेखा रडायला लागली. सगळे महादेवकडं बघायला लागले. तो खाटेवर बसला होता, कुबड्या भिंतीला. म्हणाला, "पाय तर गेला. शेजार तरी राहू द्या."

त्यानंतर काकूनं जे सुरू केलं ते मी जवळून पाहिलं, कारण कागद माझ्या पिशवीत असायचे. ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. डिझेलला हातभार लावणं ही इथली रीत आहे, ते भाडं नाही, हे लोकांनी शपथेवर लिहून द्यायचं होतं. मला वाटलं, हे तर एका बाजारात होईल. अख्खा जिल्हा हे करतो.

अख्खा जिल्हा हे करतो आणि लिहून द्यायला कोणी तयार नाही.

गाडीवाले म्हणाले, "काकू, आज मी लिहून दिलं की माझ्या गाडीत बसनारे डिझेल देत्यात, तर उद्या माझा क्लेम आला की हाच कागद माझ्या तोंडावर मारतेल." चूक म्हणता येत नव्हतं. केजहून रोज एका गाडीत येणारे मास्तर म्हणाले, आमची सरकारी नोकरी आहे. पुढारी म्हणाले, "माझी सही कशाला? माझ्या गाडीत मी कुनाकडून डिझेल घेतच न्हाई."

"तुमी मतं घेता," काकू म्हणाली.

सगळे हसले, पुढारीही हसले. सही नाही.

मी धुमसत होतो. म्हणत होतो, भित्री जमात आहे ही, यांच्यासाठी कशाला झिजायचं. काकू माझ्याकडं बघून म्हणाली, "ते भेत न्हाईत. त्यांना ठावं हाय की सावड मोडलीय. मोडक्या सावडीत पयला कोन उतरंल?"

मग तिनं अडकित्ता बाजूला केला, वरचा कागद घेतला आणि स्वतः सही केली. ती कंपनीची एजंट. आपल्याच कंपनीविरुद्ध शपथपत्र केल्यावर एजन्सी राहणार नाही हे तिला माहीत होतं. दुसरी सही बप्पांची. तिसरी द्वारकाबाईची, जी साल सरता सरता ऊसतोडीला जाते आणि पाडव्याच्या आसपास परत येते. ती म्हणाली, "मला गाडी न्हाई, विमा न्हाई. लेकरू फनफनलं की ज्याची गाडी मिळंल तिच्यात बसते, आन द्यायचं ते देते. माझं काय काढून घेत्यात?" तिनं अंगठा दिला. एवढंच. एवढ्या मोठ्या जिल्ह्यातून एवढंच.

बीडला आयोगापुढं कंपनीचे वकील म्हणाले की पैसे दिले, पैसे घेतले, प्रवास झाला. याला भाडं नाही तर काय म्हणायचं? काकू मागच्या बाकावर होती. तिनं हात वर केला. आमचा वकील खाली बसा म्हणून खुणा करत होता. आयोगानं तिला बोलू दिलं.

ती म्हणाली, "सायेब, लग्नाला गेलं की आपुन आहेर देतो. देतो का न्हाई? आन जेवतो बी. मंग लग्नघर खानावळ झालं का?"

कंपनीच्या वकिलांनी कागद चाळले. काकूनं आणखी एक वाक्य जोडलं, हळू आवाजात: "मी ह्या लोकांना सांगितलंय की समदे मिळून तुमच्या मागं हायत. माझी जबान खोटी करू नका."

निकाल महादेवच्या बाजूनं लागला. त्या दिवशी काकू खूश होती पण महादेवकडं चहा घेतला नाही. "निकाल म्हंजे पास न्हाई," ती म्हणाली. तिचंच बरोबर निघालं. कंपनी वरच्या आयोगात गेली आणि पैसे थांबले. काकूची एजन्सी बंद झाल्याचा मेसेज तिच्या मोबाइलवर आला, ती भाजी निवडत असताना. तिनं तो मला वाचायला दिला, कारण इंग्रजीत होता. मी वाचून दाखवला. ती म्हणाली, "मेथी घेऊन जा थोडी. लई झालीय."

पुढच्या बाजारी छत्री तिथंच. रंगनाथकाकांनी रोवली, कारण त्यांना कोणी रोवू नका म्हटलं नव्हतं. प्रिंटर नव्हता, ओला रुमालही नव्हता. काकू बसलेली. विमा विकायचा नव्हता तरी लोक येत होते; कोणाचा क्लेम अडकलेला, कोणाला फोनवर काय दाबायचं ते कळत नव्हतं. मधल्या वेळात ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सहीचं विचारायची. मागं लागायची नाही. एकदाच विचारायची आणि त्याच्या आईची तब्येत विचारायची.

मी तिला शेवटचं पाहिलं ते अशाच एका बाजारी, दिवस कलताना. बाजार उठत होता. एक ओळखीचा गाडीवाला समोरून चालला होता, काच वर करून. सहीला दोनदा हो म्हणून न आलेला. काकूनं हाक मारली नाही. नुसतं बघितलं. गाडी पुढं गेली, पिंपळापर्यंत. तिथं थांबली. आणि मग उलटी आली, उठत्या बाजाराच्या गर्दीतून, लोकांच्या शिव्या खात, मागं मागं, छत्रीपर्यंत. काच खाली झाली.

"काकू, उद्या येतो. खरंच येतो."

"ये," ती म्हणाली. "कागद घेऊन ये, म्हंजे आधार कार्ड. आन पट्टा लाव बे."

तो गेला. मी म्हणालो, हा काही येत नाही. ती पिशवीत अडकित्ता टाकत होती. "गाडी मागं घेतली त्यानं," ती म्हणाली. "एवढ्या गर्दीत. तुला गाडी चालवता येत न्हाई, तुला कळायचं न्हाई." रंगनाथकाका छत्री मिटत होते. ती त्यांच्या मागून निघाली, पाय जरा ओढत, चपलावाल्याशी काहीतरी भांडत.

त्याच आठवड्यात ती गेली. पहाटे, छातीत दुखून, दवाखान्यात न्यायला गाडी निघायच्या आत.

तो गाडीवाला मातीला आला होता. सही करायला आलेला नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्याच्यासारखे इतके आहेत की त्या एकालाच का धरायचं.

वरच्या आयोगात कंपनीनं लेखी म्हटलं आहे की अशी कुठली रीत असल्याचा पुरावा नाही. बोलणारी बाई कंपनीची एजंट होती, तिचा स्वार्थ होता, आणि आता ती हयात नाही. उरलेल्या दोघांपैकी एक प्रवासी आणि एक अंगठा. वकील म्हणतात, जादा शपथपत्रं द्यायला परवानगी मिळाली आहे. पुढच्या तारखेच्या आत द्यायची आहेत. महादेव अजून कुबड्यांवर आहे.

तुम्ही हे वाचलंत. तुम्ही कधीतरी शेजाऱ्याच्या गाडीतून आईला दवाखान्यात नेलं आहे आणि तो नको नको म्हणत असताना त्याच्या खिशात डिझेलचे पैसे कोंबले आहेत. किंवा तुमच्या खिशात कोणी कोंबले आहेत. ते भाडं होतं का? नव्हतं, तर तसं लिहून द्या. आधार कार्ड घ्या आणि बाजाराच्या दिवशी युसूफ वडगावला या, भाजीची रांग संपते तिथं. छत्री रंगनाथकाका रोवतात. कागद माझ्याजवळ आहेत. सही करा.